भट्टीतले डोळे

भट्टीपाशी बसलेल्या उस्तांनी, म्हणजे तिथल्या उस्तादांनी, वर न बघताच हातानं खूण केली, मागं सरा. मागं सरले तरी धग तोंडावर येतच राहिली. पत्र्याच्या छपराखालची ती जागा काजळीनं काळीकुट्ट झाली होती. मधोमध मातीनं लिंपलेली घुमटाकार भट्टी, तिच्या अंगाला कोनाड्याएवढी तोंडं आणि एकेका तोंडाशी एकेका कारागिराची बैठक. एका बाजूला पाइनच्या लाकडांची रास, दुसऱ्या बाजूला फुटक्या बाटल्या आणि खिडक्यांच्या काचांचा ढीग. तुर्कस्तानात दुकानाच्या दारावर, बसच्या आरशाखाली, तान्ह्या बाळाच्या खांद्यावर, जिथं जाल तिथं जो निळा डोळा तुमच्याकडं टक लावून बघत असतो, तो या भंगारातून निघतो.

गावाचं नाव नजरक्योय, म्हणजे नजरगावच. इझमिरच्या पूर्वेला, केमालपाशा भागात, निफ डोंगराच्या पायथ्याशी ते वसलं आहे. इझमिरहून मेट्रोनं बोर्नोवापर्यंत यायचं, तिथून केमालपाशाची बस धरायची आणि शेवटचा तुकडा डोलमुशनं, म्हणजे त्यांच्याकडच्या वडापनं, काढायचा. केमालपाशा चेरीसाठी नावाजलेलं आहे. हंगाम सरत आला होता तरी रस्त्याकडेला चेरीच्या पेट्या मांडून माणसं बसली होती. वडापवाल्यानं गिऱ्हाइकं भरेपर्यंत गाडी हलवली नाही, त्यामुळं एकदम घरी आल्यासारखं वाटलं. २००७ पर्यंत या गावाचं नाव कुरुदेरे होतं. मग गावानं आपल्या धंद्यावरूनच नवं नाव घेतलं. आता चौकात मण्यांचे स्टॉल, झाडांना मणी, दारांवर मणी. शनिवार-रविवारी इझमिरची कुटुंबं इथं मुलांना भट्टी दाखवायला येतात आणि गोझलेमे, म्हणजे पालक नाहीतर चीज भरून तव्यावर भाजलेली पातळ पोळी, खाऊन परत जातात. मी आडवारी गेले, म्हणून भट्टीजवळ गर्दी नव्हती आणि उस्तांनाही माझ्याशी बोलायला उसंत होती.

काम करणाऱ्या माणसापाशी थांबलं की तुर्की माणूस आधी ‘कोलाय गेलसिन’ म्हणतो. काम सोपं जावो, अशी ती सदिच्छा. मीही म्हटलं. उस्तांनी आता कुठं मान वर केली आणि हसून शेजारच्या स्टुलाकडं बोट दाखवलं.

त्यांच्या दोन्ही हातांत लोखंडी सळया होत्या. उजव्या हातातली सळई त्यांनी भट्टीत घातली. आतल्या कुंडीत काच दोनतारी पाकाइतकी दाट झाली होती. सळईच्या टोकाला तिचा गोळा गुंडाळून घेतला आणि डाव्या हातातल्या निमुळत्या सळईवर ती काच फिरवत फिरवत चढवली. बघता बघता कडं तयार झालं. मण्याचं भोक पाडत नाहीत, ते सळईभोवती आपोआप राहतं. मग कड्याची एक बाजू जराशी ओढून लोखंडी पट्टीनं दाबली, ती चपटी झाली. त्यावर पांढऱ्या काचेचा ठिपका, त्यावर फिकट निळ्याचा, त्यावर काळ्याचा. प्रत्येक रंगाची सळई वेगळी. टेकवायची, किंचित पिळायची आणि उचलायची. उचलताना काचेची तार सुटली तर बुबुळाला शेपूट फुटतं. यांच्या हातून ते फुटत नव्हतं. ठिपका बसला की मणी पुन्हा आगीसमोर, ठिपका वितळून सपाट होईपर्यंत. मग सळईवर एक हलका ठोका, आणि मणी भट्टीच्या कडेच्या खणात जाऊन पडायचा. तिथं तो हळूहळू निवतो. घाईनं गार केला तर तडकतो.

हे सगळं होत असताना मला निळं-पांढरं काहीही दिसत नव्हतं. तापलेली काच सगळी केशरीच दिसते. कुठला ठिपका पांढरा आणि कुठला काळा हे फक्त उस्तांना ठाऊक. रंग उमटतात ते मणी निवल्यावर. त्या केशरीतही छटा असतात आणि काच किती तापली आहे ते त्या छटेवरूनच ओळखायचं असतं. ‘गॉगल का नाही लावत?’ असं मी विचारलं, त्याचं उत्तर हेच होतं. गॉगल लावला की छटा कळत नाही. उस्तांचे डोळे तांबारलेले होते. भट्टीच्या उष्ण किरणांकडं वर्षानुवर्षं बघून होणारा मोतीबिंदू वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून माहीत आहे. काच-कारागिरांच्या नावानंच तो ओळखला जातो. साऱ्या देशाच्या घरादारांना डोळे पुरवणारी ही माणसं स्वतःच्या डोळ्यांची किंमत मोजून ते पुरवतात. यावर उस्तांशी बोलायचा प्रयत्न केला, पण त्यांना त्यात रस नव्हता. लाकूड महागलंय, हा त्यांचा विषय होता. पाइनच का, तर त्यात राळ असते, ज्वाळा लांब आणि तेज निघते. शिवाय राख कमी उडते. राख काचेत बसली की मणी डागाळतो. गॅसची भट्टी का नाही, असं विचारल्यावर त्यांनी तोंड वाकडं केलं. बासुंदी मायक्रोवेव्हमध्ये का आटवत नाही, असं माझ्या आईला विचारलं असतं तर तिनं नेमकं तसंच केलं असतं.

गडद निळा रंग कोबाल्टचा आणि फिरोजी तांब्याचा. हे ऐकताना मला बोद्रुमचा किल्ला आठवला. तिथल्या सागरी पुरातत्त्व संग्रहालयात उलुबुरुनच्या गलबतातला माल ठेवला आहे. ख्रिस्तपूर्व चौदाव्या शतकात तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर हे गलबत बुडालं. १९८२ मध्ये स्पंज गोळा करणाऱ्या एका पाणबुड्याला ते दिसलं आणि पुढं १९८४ ते १९९४ अशी दहा वर्षं त्याचं उत्खनन चाललं. तांब्याच्या लगडींबरोबर त्यात काचेच्या जाडजूड चकत्या होत्या, सुमारे पावणेदोनशे. कुठल्यातरी कारागिराकडं वितळवण्यासाठी निघालेला तो कच्चा माल. रंग कोणते, तर कोबाल्टचा गडद निळा, तांब्याचा फिरोजी आणि थोडा जांभळट. त्या चकत्यांचे डोळे होणार होते असं कुणी म्हणत नाही आणि मीही म्हणणार नाही. पण याच समुद्रकाठानं, याच दोन धातूंनी रंगवलेली निळी काच तेहेतीसशे वर्षांपूर्वीही फिरत होती, हे त्या धुरकट छपराखाली बसून आठवताना बरं वाटलं.

नजरक्योयच्या भट्ट्यांचा इतिहास मात्र एवढा जुना नाही. अरब मुलखातून आलेल्या मणिकारांनी ही विद्या इझमिरला आणली, अशी इथली सांगी आहे. शहरातल्या केमेराल्ती बाजाराच्या आसपास, अरापहान भागात, त्यांच्या भट्ट्या होत्या. दाट वस्तीत रात्रंदिवस धगधगणारी भट्टी म्हणजे शेजाऱ्यांच्या जिवाला घोर. आगीच्या भीतीनं त्यांना गावाबाहेर जावं लागलं. काही जण शहराच्या दक्षिणेच्या ग्योरेजे गावात गेले आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर तिथून काही उस्ता या डोंगराकडं आले, कारण इथं पाइनचं जंगल होतं. आजही हाती मणी घडवणारी प्रमुख गावं ती हीच दोन. आता त्यांना आगीचं नाही, बाहेरून येणाऱ्या स्वस्त मालाचं भय आहे. चीनमधून यंत्रावरचे आणि राळेचे डोळे पेट्या भरभरून येतात. इस्तंबूलच्या ग्रँड बझारमध्ये ओंजळभर घ्या, एकसारखे एक असतात. हाती घडवलेला मणी ओळखायला सोपा आहे. बुबुळ मधोमध नसतं, काचेत बुडबुडे असतात, भोकाच्या आत सळईचा काळपट माग असतो. दोन मणी शेजारी ठेवले तर एक जरा तिरळा निघतो. मला तिरळे आवडले.

चौकातल्या एका स्टॉलवर मणी ओवत बसलेल्या बाईंना मी ‘आब्ला’ म्हटलं, म्हणजे ताई. खरं तर त्या माझ्याहून लहान असाव्यात, पण तिथं असंच म्हणतात. त्यांची मुलगी इझमिरला कॉलेजात शिकत होती, तिला इंग्रजी येत होतं. चहा आला. ट्यूलिपच्या आकाराच्या त्या छोट्या पेल्यातला चहा दुधाशिवाय असतो आणि तो संपला की विचारल्याशिवाय दुसरा येतो.

नजर कुणाची लागते, असं मी विचारलं. मला वाटलं होतं, शेजारीण, जाऊ, भावकी अशी उत्तरं येतील. ‘निळ्या डोळ्यांच्या माणसांची,’ असं आब्ला म्हणाल्या आणि लेकीकडं बघून हसल्या. लेकीचे डोळे चांगले हिरवट-निळे होते. तुर्कस्तानात हे सगळीकडं ऐकायला मिळतं. काळ्याभोर डोळ्यांच्या मुलखात निळे डोळे विरळा, म्हणून त्यांची दहशत, आणि निळ्यावर उतारा निळ्याचाच. मग त्या गंभीर झाल्या. ‘नजर वाईट माणसाचीच लागते असं नाही. ज्याला फार आवडतं त्याची लागते. आईचीसुद्धा लागते.’

मी चहाचा पेला खाली ठेवला. आमच्याकडंही आईचीच दृष्ट आधी लागते, असं माझी आजी म्हणायची. बाळ अंघोळ करून पावडर लावून बसलं, गोड दिसलं, की आईनंच त्याच्या गालाला काजळाचं बोट लावायचं. कुणा वैऱ्यासाठी नाही, स्वतःसाठी. आणि ही समजूत पुणे आणि इझमिर या दोघांचीच नाही. प्लुटार्क हा ग्रीक लेखक इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. जेवणावळीतल्या गप्पांचं त्याचं एक मोठं पुस्तक आहे, त्यात नजरेवर एक आख्खं प्रकरण आहे. मित्रांची, नातलगांची, प्रत्यक्ष बापाचीही नजर लागते आणि म्हणून काही बायका बापाला आपलं मूल फार वेळ बघू देत नाहीत, असं त्यात येतं. पाण्यातल्या स्वतःच्या प्रतिबिंबावर भाळून स्वतःलाच नजर लावून घेतलेल्या एकाची गोष्टही आहे. जेवणाच्या पंक्तीत कुणी हसण्यावारी नेतो, कुणी डोळ्यांतून काय बाहेर पडतं याचं शास्त्र मांडतो. दिवाळीच्या फराळाला आपल्याकडं चालतं तेच.

मला वाटतं, या साऱ्या प्रकाराचं मर्म इथं आहे. नजर म्हणजे वैऱ्याची भीती नाही, ती कौतुकाची भीती आहे. आणि कौतुक तर थांबवता येत नाही. नवी गाडी बघून शेजारी छान म्हणणारच, बाळ बघून मावशी गाल ओढणारच. तिला थांबवायचं कसं आणि तिच्यावर आळ तरी घ्यायचा कसा? म्हणून मधे मणी. पाहणाऱ्याचा पहिला, भरलेला कटाक्ष बाळावर न पडता त्या चमकत्या निळ्यावर पडावा, एवढंच त्याचं काम. मण्याला तडा गेला की तुर्की माणूस हळहळत नाही. मण्यानं घाव झेलला असं म्हणतो आणि नवा आणतो. घाव कुणाचा, हे कुणी विचारत नाही. कुणाचंही नाव न घेता प्रकरण मिटतं. शेजारधर्म टिकवण्याची ही युक्ती मला भलतीच हुशार वाटते.

बोलण्यातही हेच पथ्य आहे. तुर्की माणूस बाळाचं नुसतं कौतुक करत नाही, आधी ‘माशाल्ला’ म्हणतो. ती देवाची करणी, माझा डोळा नाही, अशी ती कबुली. ट्रकच्या कपाळावर ते रंगवलेलं असतं, सुंता व्हायच्या पोराच्या अंगावरच्या पट्ट्यावर भरलेलं असतं, बाळाला टोचायच्या सोन्याच्या पिनेवर कोरलेलं असतं आणि त्या पिनेला एक निळा मणी लोंबत असतो. जुन्या बायका बाळाकडं बघून थू-थू केल्यासारखं करतात आणि त्याला लाडानं ‘चिर्किन’ म्हणजे कुरूप म्हणतात. आब्लांच्या लेकीला हे सांगताना लाज वाटत होती. मी तिला आमच्याकडचे दगडू, धोंडू आणि कचरू सांगितले. आधीची मुलं दगावली की पुढच्याला मुद्दाम असं नाव ठेवायचे, म्हणजे कुणाची नजर तिकडं वळू नये. तिनं ते आईला तुर्कीत सांगितलं. आब्लांना ते इतकं पटलं की त्यांनी माझ्या पुडीत वर एक मणी टाकला.

निळा मणी एवढा गाजला आहे की बाकीचे रक्षक त्याच्या मागं झाकले जातात. इझमिरहून मी आत अनातोलियात, कापादोक्याला गेले. उचहिसारजवळच्या कबुतरांच्या दरीवर वाळक्या फांद्यांचं एक झाड आहे, त्याला शेकड्यांनी निळे मणी टांगलेले. फोटोला उत्तम. पण ते पर्यटकांचं झाड. शेजारच्या स्टॉलवरून मणी घ्या आणि टांगा, असा तो व्यवहार आहे. माझं लक्ष गेलं ते एका घरगुती हॉटेलच्या भिंतीकडं. तिथं वाळक्या बोंडांची एक जाळी टांगली होती. मुगाहून मोठी, करड्या रंगाची बोंडं दोऱ्यात ओवून त्यांचा चौकटचा आकार केलेला, मधेमधे रंगीत चिंध्या आणि मणी, खाली गोंडे. ती युझेरलिक. आपल्याकडं हिला हरमल म्हणतात. अनातोलियाच्या कोरड्या माळांवर, जुन्या टेकाडांवर आणि कबरस्तानांत ती माजते. बोंडं वाळवून बायका हिवाळ्यात ओवतात. मालकिणीनं माझ्यासाठी मूठभर बिया निखाऱ्यावर टाकल्या. बिया तडतडल्या, उग्र धूर उठला आणि तिनं ते भांडं माझ्या डोक्याभोवती फिरवलं. विस्तवावर टाकलेल्या मोहऱ्या आणि मिरच्या आठवल्या. फरक असा की आपल्याकडं मिरच्यांचा खाट आला नाही तर दृष्ट जबर होती असं म्हणतात. इथं बिया जितक्या जोरात तडतडतील तितके डोळे फुटले, असं ती म्हणाली.

तिच्याचकडून कुर्शुन ओतण्याचा प्रकार कळला. कुर्शुन म्हणजे शिसं. ज्याला नजर लागली त्याच्या अंगावर चादर धरायची, वर पाण्याचं भांडं धरायचं आणि पळीत वितळवलेलं शिसं त्यात ओतायचं, आधी डोक्यावर, मग पोटावर, मग पायांवर. पाण्यात पडताच शिसं चर्रकन आवाज करून वेडंवाकडं गोठतं आणि जाणती बाई तो आकार वाचते. सुयांसारखी टोकं निघाली तर नजर, भोक पडलं तर तो डोळा. ते पाणी काही ठिकाणी चौरस्त्यावर नेऊन ओततात. आपला उतारा तिठ्यावर जातो, त्यांचं पाणी चौरस्त्यावर. हे मी डोळ्यांनी पाहिलं नाही आणि पाहायचा हट्टही धरला नाही. वितळलेल्या शिशाची वाफ बंद खोलीत घेण्याइतकी माझी जिज्ञासा मोठी नाही.

हॉटेलच्या खोलीत जुना किलिम, म्हणजे विणलेली सतरंजी, अंथरला होता, त्यावरही सगळी पाखरण अशा रक्षकांचीच. चौकटीचे चार तुकडे पाडून मधे ठिपका, तो डोळा. त्रिकोण, तो मुस्का. मुस्का म्हणजे त्यांचा ताईत. कागदावर कुराणातल्या आयती लिहून, तो त्रिकोणी घडी घालून, मेणकापडात किंवा चामड्यात शिवून गळ्यात घालतात. त्याच घडीच्या समोशासारख्या एका खाऊचं नावही मुस्का बोरेक आहे. किलिमच्या काठावर विंचू होता. विंचवाला दूर ठेवायचं तर विंचूच विणायचा. विणणाऱ्या बाईनं आपल्या घरावर येऊ शकतील ती सगळी संकटं त्या दोन हातांच्या कापडात आधीच बांधून टाकली होती.

डोळा नेहमीच असा रक्षक नव्हता. अंताक्याजवळ सापडलेलं दुसऱ्या शतकातलं एक मोझेक हाताय पुरातत्त्व संग्रहालयात आहे, ज्या घरातून ते निघालं ते दुष्ट नजरेचं घर म्हणूनच ओळखलं जातं. त्यात मधोमध मोठा डोळा आहे आणि त्याच्यावर सगळे तुटून पडले आहेत. त्रिशूळ आणि तलवार रुतलेली, विंचू, साप, घोण, कुत्रा, चित्ता आणि पक्षी त्याला चावताहेत, टोचताहेत. दाराशीच हे चित्र, म्हणजे येणाऱ्यानं आत पाऊल टाकण्याआधी समजून असावं. शेजारी ग्रीकमध्ये दोनच शब्द, जो जे चिंतील ते त्यालाही, अशा अर्थाचे. म्हणजे तेव्हा डोळा हा शत्रू होता. आजचा निळा डोळा पहाऱ्यावर बसलेला आहे. वैऱ्याचंच रूप घेऊन त्याला दारावर बसवायचं, हे आपल्याकडच्या राक्षसाच्या मुखवट्यांना नवं नाही. नव्या बांधकामावर लावलेलं जीभ काढलेलं काळं तोंड आठवा.

इस्तंबूलला परतल्यावर टोपकापी राजवाड्यात सुलतानांचे मंतरलेले सदरे पाहिले. बारीक सुती कापड, खळ देऊन घोटलेलं, आणि त्यावर मुंगीएवढ्या अक्षरात आयती, देवाची नावं, आकड्यांचे चौकोन. एक बोटभर जागा मोकळी नाही. लढाईवर जाताना चिलखताखाली, आजारपणात, नजरेपासून, सगळ्यासाठी हे सदरे. ही कला दरबारी. काम कुठल्या मुहूर्तावर सुरू करायचं हे ज्योतिषी ठरवायचे. सुलतान फातिह मेहमेदचा मुलगा जेम याच्यासाठी १४७७ मध्ये असा एक सदरा लिहायला घेतला, तो १४८० मध्ये पूर्ण झाला. तीन वर्षं एका सदऱ्याला. पुढच्याच वर्षी बाप गेला, तख्तासाठी थोरल्या भावाशी लढाई झाली, जेम हरला आणि रोड्सच्या सरदारांकडं आसऱ्याला गेला. त्यांनी त्याला ओलीस ठेवलं. मग फ्रान्स, मग पोपचं रोम. मायदेशी तो जिवंत परतला नाही. १४९५ मध्ये इटलीत वारला, तेव्हा तिशीच्या मध्यात होता. एवढ्या खबरदारीनं लिहिलेल्या सदऱ्यात भावाच्या नजरेची सोय कुठंच नव्हती. त्या काचेच्या कपाटासमोर शाळेची पोरं धक्काबुक्की करत होती आणि त्यांच्या बाईंच्या पर्सला निळा डोळा लटकत होता.

धर्माचं म्हणाल तर मण्याची अडचणच आहे. नजर लागते हे इस्लामी परंपरा मानते, पण तिच्यापासून राखणारा देव, काचेचा तुकडा नाही. तुर्कस्तानचं धर्मव्यवहार खातं, दियानेत, त्यानं जानेवारी २०२१ मध्ये नजरेचे मणी बाळगणं धर्माला धरून नाही असं पुन्हा स्पष्ट केलं. मशिदीतले इमाम हे पूर्वीही सांगत होते. धार्मिक घरात दारावर मण्याऐवजी कुराणातल्या ‘कलम’ सुऱ्यातली, नजरेची म्हणून ओळखली जाणारी आयत सुंदर अक्षरात लावलेली दिसते. आणि बऱ्याच ठिकाणी, अगदी एकाच खिळ्यावर, दोन्ही. दुसरीकडं जग या मण्यावर लुब्ध आहे. २०१८ मध्ये त्याची इमोजी झाली. कुलाब्याच्या फुटपाथवर आणि पुण्याच्या तुळशीबागेत त्याचे पैंजण-कानातले मिळतात आणि घेणाऱ्या मुलींना तो तुर्की की ग्रीक की ‘इन्स्टा’चा याच्याशी देणंघेणं नसतं. ठीक आहे. नजरक्योयच्या उस्तांना मात्र त्यातला एकही पैसा जात नाही, हे खुपतं.

विमानतळाच्या वाटेवर टॅक्सीच्या आरशाला मणी होता, चांगला पेरूएवढा. ड्रायव्हरनं अंताल्याच्या हॉटेलांत काम केलेलं, इंग्रजी बरं होतं, आणि ट्रॅफिक तुंबलेलं होतं. मी दियानेतचं विचारलं.

‘ऐकलंय की. बरोबरच बोलतात ते. राखणारा वर आहे.’

‘मग हा?’

‘हा आईनं बांधलाय, गाडी घेतली त्या दिवशी. काढला तर आधी तिला उत्तर द्यायला लागेल. ती माझ्याकडं राहते,’ त्यानं गिअर बदलला. मग आठवल्यासारखं करून पुढच्या काचेच्या कोपऱ्यातल्या कागदाकडं बोट केलं. ‘विमा काढलाय, तो वेगळा.’

आणि यंदा विम्याचा हप्ता किती वाढला, कंपन्या कशा लुबाडतात, दावा लावला की कसे हात वर करतात, यावर तो विमानतळ येईपर्यंत बोलत राहिला.